गॅस आहे, वीज नाही आणि घर गार: फर्नेससाठी कोणता बॅकअप घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सी. जुनं दुमजली घर, बेसमेंटमध्ये नैसर्गिक वायूवर चालणारा फर्नेस, म्हणजे गरम हवेने घर तापवणारी भट्टी. मागच्या हिवाळ्यात तारांवर झाड पडलं आणि ४० तास वीज नव्हती. गॅसची शेगडी पेटत होती, पण फर्नेस ढिम्म. घरातलं तापमान ४८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ९ सेल्सियसपर्यंत उतरलं. येत्या जानेवारीत बाळंतपण आहे आणि साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत. दुकानातला माणूस म्हणतो ७५०० वॅटचा जनरेटर घ्या. मित्र म्हणतो पेटीसारखी मोठी बॅटरी घ्या. बाबा म्हणतात, आपला इथला इन्व्हर्टर घेऊन येऊ का? काय घ्यावं?

मी मूळचा मिरजेचा. शिक्षण इलेक्ट्रिकलचं, आणि गेली वीसेक वर्षं याच राज्यात हीटिंग-कूलिंगची कामं करतो. त्यामुळे तिघांनाही उत्तर देतो, पण सुरुवात बाबांपासून, कारण त्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही वीज गेल्यावर जिन्याखालचा इन्व्हर्टर आठवतो. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, दोन पंखे, चार दिवे आणि टीव्ही. बाबांच्या डोक्यातला हिशोब बरोबर आहे: घरातल्या सगळ्या गोष्टी चालवायच्या नाहीत, नेमक्या लागतील तेवढ्याच चालवायच्या. इथली माणसं हे विसरतात आणि अख्ख्या घराचा जनरेटर विकत घेतात. पण ते यंत्र इथं आणू नका. ते २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचं, तुमचा फर्नेस १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. शिवाय ती शिशाची बॅटरी विमानात कोण चढवू देणार? बाबांचा विचार ठेवा, इन्व्हर्टर साताऱ्यातच राहू द्या.

आता गॅस असून फर्नेस का बंद पडला ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उष्णता गॅस देतो, पण तो पेटवणं, पेटला की नाही हे तपासणं आणि गरम हवा घरभर ढकलणं ही तिन्ही कामं विजेची आहेत. थर्मोस्टॅटने मागणी केली की आधी एक छोटा पंखा धुराच्या मार्गातली हवा ओढतो. हवा नीट वाहतेय हे प्रेशर स्विचने कळवलं की इग्नायटर लालभडक होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटते. ज्योतीत एक बारीक सळई असते, फ्लेम सेन्सर. तिने काही सेकंदांत ‘ज्योत आहे’ असं सांगितलं नाही तर फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गॅस बंद करतो. सांगितलं तर अर्ध्या-पाऊण मिनिटानं मोठा ब्लोअर सुरू होतो आणि जाळीतून गरम हवा येते. या साखळीतली एक कडी तुटली की फर्नेस बंद.

या सगळ्याला वीज किती लागते? लोक इथंच फसतात. फर्नेसवर ‘८०,००० बीटीयू’ (तासाला किती उष्णता, त्याचं माप) लिहिलेलं असतं. ते वॅटमध्ये करायला गेलं तर २३ किलोवॅटच्या पुढे जातं आणि माणूस घाबरतो. पण ती गॅसची ताकद आहे. विजेचा खर्च म्हणाल तर जुन्या पद्धतीच्या ब्लोअर मोटरला ५०० ते ७०० वॅट, नव्या ईसीएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरला बहुतेक वेळा २०० ते ४०० वॅट. इग्नायटर चारेकशे वॅट घेतो, पण अर्धा-एक मिनिटच आणि तेव्हा ब्लोअर बंद असतो. म्हणजे सगळा फर्नेस सहसा एका मिक्सरपेक्षा जास्त वीज खात नाही. फक्त जुनी मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या तीन-चार पट ओढते, ते ध्यानात ठेवायचं.

म्हणून दुकानदाराच्या ७५०० वॅटवर माझं मत: तुमच्या घराला नको. तेवढ्या ताकदीचा उघड्या सांगाड्याचा जनरेटर रिकामा चालतानाही पेट्रोल पितो, आवाजाने शेजार जागा ठेवतो आणि स्वस्तातला असेल तर त्याचा विद्युतप्रवाह इतका खडबडीत असतो की फर्नेसचे बोर्ड आणि ईसीएम मोटरी त्याच्यावर रुसतात. मी बदललेल्या बोर्डांपैकी काहींचं मरण असल्याच विजेवर ओढवलं होतं असा माझा संशय आहे. सिद्ध करता येत नाही, कारण जळका बोर्ड बोलत नाही.

जनरेटरच घ्यायचा तर २००० ते २२०० वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर घ्या. सूटकेसएवढा, एका माणसाला उचलता येणारा. त्यातून शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखी गुळगुळीत वीज मिळते आणि भार कमी असला की इंजिन आपोआप हळू होतं. अशा यंत्रात साधारण एक गॅलन पेट्रोल मावतं आणि पाव भारावर ते सुमारे आठ तास पुरतं. (इथं पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, आणि नळीतल्या गॅसलाही गॅसच; मी पेट्रोलला पेट्रोल म्हणणार, नाहीतर या उत्तराचा चुथडा होईल.) फर्नेस आणि फ्रीज मिळून सरासरी भार पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहतो. म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन गॅलन, तीन दिवसांना दहा. पाच गॅलनचे दोन लाल डबे.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला दर हिवाळ्यात रात्री-अपरात्री फोन येतात. माणूस चांगला, महागडा इन्व्हर्टर जनरेटर आणतो. वायर जोडतो. फर्नेस सुरू होतो, छोटा पंखा फिरतो, इग्नायटर लाल होतो, ज्योत पेटते... आणि चार-पाच सेकंदांत विझते. पुन्हा तेच. तीनदा प्रयत्न करून बोर्ड दार लावून घेतो आणि दिवा मिचकावत बसतो. माणसाला वाटतं फर्नेस बिघडला. फर्नेस ठणठणीत असतो. बिघडलेलं असतं न्यूट्रल आणि अर्थिंगचं नातं.

ते असं. फ्लेम सेन्सरवर बोर्ड एसी व्होल्टेज ठेवतो. ज्योतीचा एक गुण आहे, ती एका दिशेला जास्त वीज वाहू देते आणि उलट दिशेला कमी. त्यामुळे काही मायक्रोअँपिअरचा एक इवलासा डीसी प्रवाह तयार होतो. मायक्रो म्हणजे दशलक्षांश, मिली नव्हे. बोर्ड तेवढ्याच प्रवाहाची वाट बघत असतो. हा प्रवाह ज्योतीतून बर्नरमध्ये, बर्नरमधून फर्नेसच्या पत्र्यात, पत्र्यातून अर्थिंगमध्ये जातो आणि बऱ्याच बोर्डांत न्यूट्रलमार्गे परत येतो. घरच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असतात म्हणून ही वाट पुरी होते. पण छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल मोकळा, ‘फ्लोटिंग’ असतो, अर्थशी न जोडलेला. फर्नेस सरळ एक्स्टेन्शनने त्याला जोडला की वाट मध्येच तुटते. ज्योत डोळ्यांसमोर जळत असते आणि बोर्ड म्हणतो, मला काही दिसत नाही.

उपाय दोन-चार डॉलरचा आहे. एका साध्या तीन पिनांच्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्या स्क्रूंमध्ये तारेचा तुकडा टाकायचा, फेजला हातही लावायचा नाही, आणि तो प्लग जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचायचा. त्याला बाँडिंग प्लग म्हणतात, तयारही मिळतो. तयारच घ्या, तार चुकून फेजला लागली तर गोष्ट जिवावर बेतते. पण हा प्लग फक्त तेव्हाच, जेव्हा जनरेटर घराच्या पॅनेलपासून पूर्ण वेगळा आहे. पॅनेलमधून जोडणी केली असेल तर घरातला जोड आपोआप कामी येतो, आणि प्लगही लावलात तर एकाच गोष्टीचे दोन जोड होतात, ते बरोबर नाही. बाहेरची वीज की जनरेटरची, हे बदलणारा खटका म्हणजे ट्रान्स्फर स्विच; काही ट्रान्स्फर स्विच फेजबरोबर न्यूट्रलही बदलतात, काही फक्त फेज बदलतात. स्विच बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हा एकच प्रश्न विचारा: ‘न्यूट्रल स्विच होतो का?’ तो गोंधळला तर दुसरा इलेक्ट्रिशियन बघा.

हेच मित्राच्या बॅटरीपेटीलाही लागू आहे. त्यातल्या बऱ्याच पेट्यांचा न्यूट्रलही मोकळाच असतो. यूट्यूबवर एकाचा फर्नेस चालला म्हणून तुमचा चालेलच असं नाही.

जोडणीविषयी एक गोष्ट मी कुणाच्याही घरी मऊ आवाजात सांगत नाही. दोन्ही टोकांना पिनांचे प्लग असलेली वायर करून जनरेटर कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमध्ये खोचणारे लोक अजून आहेत. त्या वायरीला इथले इलेक्ट्रिशियन आत्महत्येची वायर म्हणतात. मेन ब्रेकर पाडायला विसरलात तर तुमची वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर तार जोडणारा माणूस मरतो. तुमच्यासाठी दोन सरळ वाटा आहेत. फक्त फर्नेसच चालवायचा असेल तर फर्नेसशेजारी एका सर्किटचा छोटा ट्रान्स्फर स्विच. लाइट गेली की खटका फिरवायचा, एक्स्टेन्शन लावायची, झालं. फ्रीज, सम्प पंप (बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणारा), दोन-तीन दिवे हेही हवे असतील तर बाहेरच्या भिंतीवर इनलेट आणि पॅनेलवर इंटरलॉक, म्हणजे मेन आणि जनरेटरचा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊच शकत नाही अशी लोखंडी पट्टी. दोन्हींना टाउनशिपचं परमिट लागतं. कुणी ‘परमिट कशाला, मी करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आता बॅटरीपेटीचा हिशोब, कारण बाळ लहान असताना मला स्वतःला तीच जास्त आवडली असती. दोन किलोवॅट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट पेटी धरा. तोटा वजा जाता हाती १७०० वॅट-तास लागतात. तुमचा फर्नेस ४५० वॅटचा असेल आणि कडाक्याच्या थंडीत तासातली तीस मिनिटं चालत असेल, तर तासाला २२५ वॅट-तास, शिवाय पेटी स्वतः जागी राहण्यासाठी वीसेक वॅट खाते. म्हणजे जेमतेम सात तास. ईसीएम मोटरचा २५० वॅटचा फर्नेस असेल तर तीच पेटी साडेअकरा तास जाते. एक रात्र निघते. चाळीस तास निघत नाहीत. मित्राने हे सांगितलं होतं का?

पण बॅटरी आणि छोटा जनरेटर यांची जोडी मात्र झकास जमते, आणि तुमच्या घरासाठी माझा कौल तिलाच आहे. दिवसा जनरेटर अंगणात लावायचा. त्यावर फर्नेस चालतो, फ्रीज चालतो आणि बॅटरी भरते. संध्याकाळी जनरेटर बंद. रात्री फर्नेस बॅटरीवर. रात्री आवाज नाही, तेल-पेट्रोलासाठी बर्फात बाहेर जायला नको आणि मुख्य म्हणजे सगळे झोपलेले असताना घराजवळ कुठलंही इंजिन चालत नाही. पेट्रोलही वाचतं. बॅटरी बेसमेंटमध्ये किंवा हॉलमध्ये ठेवा, गराजमध्ये नको. या रसायनाच्या बॅटऱ्या शून्य सेल्सियसखाली चार्ज करायच्या नसतात.

इंजिन आणि झोप हे शब्द मी मुद्दाम एकत्र आणले. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि डोकं दुखतंय म्हणून माणूस आडवा होतो तो उठत नाही. जनरेटर घरापासून वीस फुटांवर, धुराचं तोंड घराकडे नाही, खिडक्या-दारांपासून दूर. गराजचं दार उघडं ठेवून गराजमध्ये लावणं म्हणजे घरात लावणंच. पोर्चवरही नाही. पाऊस-बर्फासाठी त्याच्यावर छोटं छप्पर करा, त्याला आत आणू नका. प्रत्येक मजल्यावर बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइडचा) अलार्म हवा. आई-बाबा येतील तेव्हा त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही आणि गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवायची नाही. साताऱ्याच्या वाड्यात शेगडीला फटी, कौलं, उघडी दारं यांची साथ असते. इथली घरं गच्च बंद असतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये काय झालं ते अनेकांना आठवत असेल. ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने मोजलेले मृत्यू २४६, त्यातले बहुतेक थंडीने, पण काही या वायूनेही. ह्यूस्टनला माझा मावसभाऊ राहतो, त्याचा त्या रात्री फोन आला होता, ‘दादा, तुझ्यासारखा छोटा जनरेटर घेतला तर घर तापेल का?’ नाही म्हणावं लागलं. त्याच्याकडे गॅस नव्हताच, हीट पंप होता, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र. हीट पंपाला २४० व्होल्टवर तीन ते पाच किलोवॅट लागतात, वर फार थंडी पडली की त्याच्यातल्या विजेच्या कॉइल आणखी पाच ते पंधरा किलोवॅट मागतात. सूटकेसमधला जनरेटर तिथं काय करणार? तुमचं नशीब असं की तुमची उष्णता गॅसमधून येते आणि विजेकडे फक्त हमालीचं काम आहे. म्हणून हे सगळं उत्तर गॅस, प्रोपेन किंवा तेलाच्या फर्नेसचं आहे. पाण्याचा बॉयलर आणि बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या नळ्या) असतील तर आणखी सोपं, कारण पाणी फिरवणारा पंप जेमतेम शंभर वॅटचा असतो. तिथं बॅटरी दुप्पट-तिप्पट टिकते.

गॅस चालू राहील का, हा रास्त प्रश्न. टेक्सासमध्ये विहिरी आणि प्रक्रियेची यंत्रं गोठून गॅसही आटला होता. न्यू जर्सीत माझा अनुभव बरा आहे. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ ब्रिगंटाइनजवळ किनाऱ्याला धडकलं. आमच्या पिस्कॅटवेच्या घरी अकरा दिवस वीज नव्हती, पण गॅस एक मिनिटही गेला नाही. किनाऱ्यालगतच्या बेटांवर मात्र तो बंद करावा लागला होता. खरी टंचाई झाली पेट्रोलची. जमिनीखालच्या टाक्यांत पेट्रोल होतं, ते वर उपसायला वीज नव्हती. ३ नोव्हेंबरपासून उत्तरेकडच्या १२ काउंटींत सम-विषम नंबरप्लेटप्रमाणे पेट्रोल मिळायचं. मी हातात डबा घेऊन रांगेत उभा होतो, आणि ७ तारखेला वरून बर्फही पडला. तेव्हा माझ्याकडे जनरेटर होता पाच हजार वॅटचा, दिवसाला दहा गॅलन पिणारा. त्या रांगेत मी शपथ घेतली की पुढचं यंत्र छोटं.

म्हणून घेताना दुहेरी इंधनाचा जनरेटर बघा, पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हींवर चालणारा. बार्बेक्यूचं २० पौंडांचं सिलिंडर वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी खराब होत नाही. पेट्रोलचं तसं नाही. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते सहा महिन्यांत शिळं होतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ होऊन बसतं. ‘जनरेटर सुरूच होत नाही’ या तक्रारीचं कारण मी जिथं जिथं बघितलं तिथं जवळपास प्रत्येक वेळी हेच निघालं. स्टॅबिलायझर घाला, वसंतात उरलेलं पेट्रोल गाडीत ओता, आणि यंत्र ठेवून देताना कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. डबे बाहेरच्या शेडमध्ये. बेसमेंटमध्ये वॉटर हीटरची ज्योत असते, तिथं पेट्रोलचा डबा ठेवणारा महाभागही मी पाहिला आहे.

घराच्या गॅसलाइनवर चालणारा, आपोआप सुरू होणारा मोठा स्टँडबाय जनरेटर हा पर्यायही आहे. वीज गेली की काही सेकंदांत तो स्वतः सुरू होतो, पेट्रोलची रांग नाही. पण बसवून दहा ते पंधरा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त, गॅसचं मीटर मोठं करावं लागू शकतं, आणि दरवर्षी देखभाल. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन. एका बाळासाठी आणि दोन धडधाकट आजी-आजोबांसाठी कर्ज काढू नका.

सोलर आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांना: बॅटरीशिवायचं सोलर वीज गेल्याबरोबर स्वतःच बंद होतं, तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तसा नियम आहे. आणि पॅनेलवर बर्फ बसलं की जानेवारीत त्यातून फार काही निघत नाही. भिंतीवरच्या १३.५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीने मात्र फर्नेस दोन दिवस सहज काढतो, बाकी घर बंद ठेवलं तर. टोयोटाची नवीन सिएना हायब्रिड गाडी असेल (आपल्या लोकांत निम्म्यांकडे असतेच) तर तिच्या काही मॉडेलांत १५०० वॅटचं सॉकेट असतं. अडीनडीला त्यावर फर्नेस चालतो. पण गाडी मोकळ्यात हवी, तिच्या धुराचं तोंड घराकडे नको, आणि मोकळ्या न्यूट्रलची चाचणी तिचीही करायची.

आता ज्या किरकोळ गोष्टी कुणी सांगत नाही त्या. तुमचा फर्नेस नव्या प्रकारचा, पांढऱ्या पीव्हीसी पाइपांतून धूर सोडणारा असेल तर ते पाइप बर्फात बुजतात आणि फर्नेस वीज असूनही बंद पडतो. वादळात दर काही तासांनी फावडं घेऊन बघा. त्याच फर्नेसमध्ये पाणी साचतं आणि ते उपसायला शेजारी एक चिमुकला पंप असतो, त्याचा प्लग वेगळ्या सॉकेटमध्ये असतो. जनरेटरवर फर्नेस घेतला आणि तो पंप विसरलात, की काही तासांनी पंपाची टाकी भरून सुरक्षा स्विच फर्नेस बंद करतो. हा घोटाळा मी स्वतः, माझ्याच घरी केला आहे, रात्री दोन वाजता.

वीज येईपर्यंत काहीच जमलं नाही तर पाइप वाचवा. बाहेर २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या खाली गेलं की बाहेरच्या भिंतीतल्या नळ्या धोक्यात येतात. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, नळातून बारीक धार सोडा. घर सोडून मित्राकडे जाणार असाल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडा, म्हणजे पाणी उतरून जाईल. आणि दिवाणखान्यात गॅसचं फायरप्लेस असेल तर त्याचं पुस्तक काढून बघा. ज्यात सदा जळणारी पायलट ज्योत असते ती बऱ्याचदा ज्योतीच्या उष्णतेतूनच आपल्यापुरती वीज बनवतात, भिंतीतली वीज नसली तरी पेटतात. काहींमध्ये साध्या बॅटऱ्यांची जागा असते आणि घरमालकाला दहा वर्षं पत्ता नसतो. तुमच्याकडे असं फायरप्लेस निघालं तर एक खोली फुकटात गरम झाली. बाळ, आई आणि आजी त्या खोलीत. फक्त त्याची चिमणी किंवा पाइप बाहेर जातो ना, हे बघून घ्या; चिमणीशिवायचं असेल तर रात्रभर चालू ठेवू नका.

खर्च साधारण असा बसेल: दुहेरी इंधनाचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर ६०० ते ११०० डॉलर, दोन किलोवॅट-तासांची बॅटरी सवलतीत हजाराच्या आसपास, एका सर्किटचा स्विच मजुरी-परमिटसह ४०० ते ७००. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बॅटऱ्या स्वस्त होतात, तोवर थांबलात तरी जानेवारीच्या आत जमेल. पैसे एकदम काढायचे नसतील तर आधी स्विच, मग जनरेटर, मग बॅटरी, याच क्रमाने.

आणि विकत घ्यायच्या आधी फर्नेसचं दार उघडा. आतल्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर अँपिअरचा आकडा आणि मोटरचा प्रकार लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढून मला पाठवा, सोबत पॅनेलचाही. मग सगळं बसवल्यावर एखाद्या कोरड्या रविवारी, उजेडात, फर्नेसचा ब्रेकर पाडून रंगीत तालीम करा: जनरेटर बाहेर, वायर जोडली, खटका फिरवला, थर्मोस्टॅट पाच अंश वर. ज्योत पेटून दहा मिनिटं टिकली पाहिजे. ती चौथ्या सेकंदाला विझली तर घाबरू नका, फर्नेसवाल्यालाही बोलावू नका. वर न्यूट्रलविषयी लिहिलंय ते पुन्हा वाचा आणि मग मला फोन करा.